सरांचं नाव, चार दिवसांचं जर्नल आणि घाट चढून गेलेले पाच रुग्ण

डॉक्टर, तुमचं पत्र आणि सोबतचा मसुदा दोनदा वाचला. इतरांनाही संदर्भ कळावा म्हणून तुमची अडचण आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात आहात. दोन वर्षांत फुरसं हा विषारी साप चावलेले ६३ रुग्ण तुम्ही पाहिलेत, त्यांच्या नोंदी वहीत ठेवल्यात आणि आता त्यावर पेपर लिहिलाय. तुमचे जुने एचओडी, म्हणजे विभागप्रमुख सर, म्हणतात, पहिलं नाव त्यांचं हवं आणि आणखी दोघांची नावं घालायची. एका जर्नलचा मेल आलाय की नऊ हजार रुपये भरा, चार दिवसांत पेपर छापून देतो. रुग्णांवरच्या अभ्यासाला लागणारी एथिक्स कमिटीची परवानगी तुम्ही घेतलेली नाही आणि ती 'मागच्या तारखेची' मिळते असं कोणीतरी सांगितलंय. शिवाय हिरड्यांतून रक्त येणाऱ्या एका बाईंचा फोटो पेपरात घालायचा आहे.

चारही प्रश्नांवर येतो. पण तुम्ही न विचारलेली एक गोष्ट आधी, कारण मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटली.

तुमच्या तिसऱ्या तक्त्यात लिहिलंय की ५८ रुग्ण बरे होऊन घरी गेले आणि ५ कोल्हापूरला रेफर केले. आणि सारांशात लिहिलंय, '६३ रुग्णांपैकी एकही मृत्यू नाही.' त्या पाच जणांचं पुढे काय झालं? मसुद्यात कुठेच नाही. आपण आंबा घाट चढवून पाठवतो ते रुग्ण कोणते असतात, हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे. ज्याची लघवी बंद झाली, ज्याचं रक्त एएसव्हीच्या (सर्पविषावरच्या औषधाच्या) इतक्या बाटल्या देऊनही गोठत नाही, तोच १०८ रुग्णवाहिकेत चढतो. म्हणजे ६३ मधले सगळ्यात गंभीर पाच रुग्ण तुमच्या हिशेबातून निसटले, आणि उरलेल्यांवरून 'मृत्यू शून्य' असं वाक्य तयार झालं. तुम्ही मुद्दाम लपवलंत असं मी अजिबात म्हणत नाही. रुग्ण आपल्या वॉर्डातून गेला की आपल्या मनातूनही त्याची नोंद बंद होते, माझंही असंच व्हायचं. पण उद्या दुसऱ्या कुठल्या तरी आरोग्य केंद्रातला डॉक्टर तुमचा पेपर वाचेल, तुमचा डोस वापरेल, आणि मृत्यू शून्य आहे या भरवशावर जो रुग्ण तासाभरापूर्वीच पुढे पाठवायला हवा होता त्याला धरून बसेल.

तेव्हा पहिलं काम हे. पाचही केसपेपर काढा. त्यांवर नातेवाइकांचे नंबर असतील, ते लावा. नंबर बंद असेल तर त्या गावच्या आशाताईंना विचारा, त्यांना घर माहीत असतं. चौकशी करताना आधी रुग्ण कसा आहे ते विचारा, पेपराचं नंतर. एखादा सापडलाच नाही तर 'पुढची माहिती मिळाली नाही' असं आकड्यासकट लिहा. कोणी दगावला असेल तर तेही लिहा, किती तासांनी आला होता आणि पाठवायचा निर्णय कधी घेतला यासह. असा पेपर मी संपादक म्हणून आनंदाने वाचला असता. सगळेच बरे झाल्याचं सांगणारा पेपर समोर आला की पहिली शंका तिथेच येते.

दुसरी गोष्टही आकड्यांचीच. 'पद्धती' या भागात तुम्ही लिहिलंय की प्रत्येक रुग्णाची २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी दाखल करताना आणि नंतर दर सहा तासांनी केली. तुम्ही वहीच्या एका पानाचा फोटो पाठवलाय, त्यावर रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेतले बरेच रकाने कोरे आहेत. ते कोरेच राहू द्या. आठवणीने भरलेला रकाना म्हणजे रचलेला आकडा, मग आठवण कितीही खरी वाटो. पेपरात सरळ लिहा की रात्रीच्या काही चाचण्या झाल्या नाहीत.

आणि नळ्यांचं काय? ही चाचणी दिसायला सोपी आहे: काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग एकदा तिरकी करून पाहायची. पण नळी साबणाने किंवा डिटर्जंटने धुतलेली असेल, तर धडधाकट माणसाचं रक्तही न गोठल्यासारखं दिसू शकतं. प्लास्टिकच्या नळीतही तीच फसगत होते. नव्या नळ्या संपल्या की धुऊन वापरणं आपल्या रुग्णालयांमध्ये नवीन नाही. तुमच्याकडे तसं झालं असेल तर ते पेपरात यायलाच हवं, कारण मग तुमच्या 'रक्त गोठत नव्हतं' या रकान्यातल्या काही रुग्णांना विष चढलंच नव्हतं अशी शक्यता उरते. तसंच फुरसं कशावरून ठरवलं, तेही लिहा. साप आणला होता, मोबाइलवर फोटो होता, की नातेवाइकांनी सांगितलं? काजूच्या बागेत पानांतून चावलेला चापडाही घाबरलेल्या माणसाला फुरसंच वाटतो, आणि आपल्याकडची एएसव्ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांच्याच विषावर बनवलेली असते. साप आणलेले, फोटो असलेले आणि नुसतं सांगितलेले, असे तिन्ही प्रकारचे आकडे वेगवेगळे द्या.

लोक 'पब्लिकेशन एथिक्स' म्हटलं की चोरीचा मजकूर आणि खोटे फोटो एवढंच समजतात. तेही आहेच. पण मी ज्या जर्नलच्या संपादक मंडळावर होतो तिथे आलेल्या पेपरांमधले बहुतेक घोटाळे असेच होते: निसटलेले रुग्ण, मागून भरलेले रकाने, न केलेल्या चाचण्यांची पाठ्यपुस्तकातून उतरवलेली पद्धत. ते करणारी माणसं वाईट नव्हती. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

आता सरांच्या नावाविषयी.

वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची एक आंतरराष्ट्रीय समिती आहे. १९७८ साली काही संपादक कॅनडात व्हँकुव्हरला जमले, तिथून ती सुरू झाली. लेखक कोणाला म्हणायचं याची तिची कसोटी आज बहुतेक चांगली जर्नलं मानतात. कामाच्या आखणीत किंवा माहिती गोळा करण्यात, तपासण्यात, तिचा अर्थ लावण्यात भरीव वाटा हवा. मसुदा लिहिण्यात किंवा त्यात मोलाची दुरुस्ती करण्यात हात हवा. छापायला जाणाऱ्या शेवटच्या प्रतीला मान्यता दिलेली हवी. आणि पेपरातल्या कुठल्याही भागावर उद्या प्रश्न आला तर जबाब देण्याची तयारी हवी. चारही हव्यात, यांतली एखादी चालत नाही. विभागप्रमुख असणं, खाटा किंवा पैसे मिळवून देणं, नुसती देखरेख करणं यांतलं काहीही एकटं पुरत नाही. त्यासाठी शेवटी आभार मानायची जागा असते.

सरांशी हे कसं बोलायचं, ही तुमची खरी अडचण आहे. 'नियमात बसत नाही' असं म्हटलंत तर ते दुखावतील आणि पुढे पदोन्नतीच्या वेळी त्यांच्याशीच गाठ आहे. मी असतो तर त्यांना एक जुनी हकीकत सांगितली असती. १९९४ मध्ये ब्रिटनमधल्या स्त्रीरोगशास्त्राच्या एका प्रतिष्ठित जर्नलमध्ये माल्कम पिअर्स या डॉक्टरांनी एक केस छापली: गर्भनलिकेत राहिलेला गर्भ तिथून काढून गर्भाशयात रुजवला आणि पुढे बाळ जन्मलं. चौकशी झाली तेव्हा कळलं की अशी रुग्णच नव्हती. त्या पेपरावर विभागप्रमुख जेफ्री चेंबरलेन यांचंही नाव होतं. ते त्याच जर्नलचे संपादक आणि तिथल्या रॉयल कॉलेजचे अध्यक्षही होते. काम त्यांनी केलेलं नव्हतं, प्रमुखांचं नाव घालायची रीत म्हणून ते आलं होतं. पिअर्स यांचं नाव १९९५ मध्ये डॉक्टरांच्या नोंदवहीतून कमी झालं, आणि चेंबरलेन यांना दोन्ही पदं सोडावी लागली. न पाहिलेल्या कामावर नाव घालून आपण सरांचा मान राखत नाही, त्यांची मान अडकवतो. हे त्यांना आदराने, पण स्पष्ट सांगता येतं.

आणि त्यांना वाटही मोकळी ठेवा. मसुदा आणि नावं झाकलेला तक्ता पाठवा. लिहा, 'सर, तुमचं मार्गदर्शन हवंय. पंधरा दिवसांत वाचून दुरुस्त्या सुचवाल का? आकड्यांच्या विश्लेषणात मी कच्ची आहे.' त्यांनी खरोखर बसून काम केलं, चार सुधारणा केल्या, जबाबदारी घेतली, तर त्यांचं नाव हक्काने येईल. पण पहिलं नाव तुमचंच, कारण वही तुमची, लिखाण तुमचं. नुसतं 'छान' लिहून परत पाठवलं तर आभारात उल्लेख, तोही त्यांना विचारून. ज्या दोघांना तुम्ही भेटलाही नाहीत त्यांच्यासाठी कुठेच जागा नाही. एवढं करूनही वाद मिटला नाही तर संपादक तुमचा न्यायनिवाडा करणार नाही, तो प्रकरण तुमच्या संस्थेकडे परत पाठवेल. म्हणून कोणी काय केलं याचा एक कागद आत्ताच करा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या.

तुमच्या मसुद्यात नसलेलं एक नाव मला त्या कागदावर हवंय. वहीतलं निम्मं अक्षर तुमचं नाही. किती वाजता चावलं, कुठली बाटली कधी लावली, सूज कुठपर्यंत चढली, हे रात्रपाळीला कोणी लिहिलं? तुमच्या सिस्टरनी ना? मग पेपर लिहिताना त्यांना बोलवा, तक्ते दाखवा, चुकलंय का विचारा, शेवटची प्रत मराठीत समजावून सांगा. त्या लेखक का होऊ नयेत? ज्याने पहिली कसोटी पार केलीय त्याला बाकीच्या पार करण्याची संधी द्यायलाच हवी, असं त्या समितीचंच म्हणणं आहे. कोकणातल्या पेपरांवर मी सिस्टरचं नाव फार क्वचित पाहिलंय आणि याची मला मनापासून खंत आहे.

मोठी नावं जोडल्याशिवाय बाहेरची जर्नलं आपल्याला दारात उभं करणार नाहीत, ही भीती मी ओळखतो. पण महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांकडे पाहा. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांनी विंचू चावलेल्यांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. १९८२ मध्ये त्यांचं निरीक्षण 'लॅन्सेट' या नामांकित ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये आलं, पुढे प्राझोसिन या औषधावरचं कामही तिथेच छापलं. २०११ साली 'बीएमजे' या तशाच दुसऱ्या जर्नलमध्ये प्राझोसिन आणि विंचवाच्या प्रतिविषाची चाचणी आली, तिच्यावर दोनच नावं आहेत: त्यांचं आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांचं. दोघांनी मिळून रुग्ण पाहिले, दोघांची नावं. बस्स.

चार दिवसांत छापणाऱ्या जर्नलला एक पैसाही देऊ नका. फी घेणं हा गुन्हा नाही, कित्येक चांगली जर्नलंही फी घेतात. पण चार दिवसांत सापाच्या विषाचं जाणणारा कोणी तुमचे तक्ते बारकाईने वाचून शंका विचारू शकत नाही. २०१३ मध्ये 'सायन्स' या जर्नलसाठी जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम चुकांनी भरलेला एक खोटा पेपर ३०४ जर्नलांना पाठवला होता. १५७ जर्नलांनी तो स्वीकारला. तुमचा पेपर त्यांनी घेतला यात तुमच्या पेपराचा काहीच गौरव नाही.

याहून मोठं नुकसान वेगळं आहे. एकदा तिथे छापून आला की तोच पेपर दुसरीकडे देता येत नाही, ते दुबार प्रकाशन ठरतं. काढून घ्यायला गेलात तर तेच लोक 'विथड्रॉवल'चे पैसे मागतात. म्हणजे ६३ माणसांचं दुखणं अशा ठिकाणी कायमचं पुरलं जातं जिथे ते कोणी वाचत नाही. मेलमधल्या आयएसएसएन क्रमांकाने हुरळू नका, तो नुसता ओळखक्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नाही. 'पबमेडवर (वैद्यकीय पेपर शोधायच्या साइटवर) आहे' हेही पुरेसं नाही, तिथल्या मेडलाइन या निवडक यादीतलं जर्नल आणि पबमेडवर कुठून तरी दिसणारा पेपर यांत फरक आहे. सोपा उपाय असा की त्या जर्नलमधले सर्पदंशावरचे तीन पेपर उघडून वाचा. तुमच्या वॉर्डात त्यांच्या भरवशावर उपचार कराल का, हे स्वतःला विचारा. संपादक मंडळातल्या दोघांना त्यांच्या संस्थेच्या पत्त्यावर मेल करून विचारा की तुम्ही खरंच तिथे आहात का. मी हे दोनदा केलंय, आणि दोन्ही वेळा समोरच्याला आपलं नाव तिथे आहे याचा पत्ताही नव्हता. एका वेळी एकाच जर्नलला पाठवा, नकार आला तर रिव्ह्यूअरच्या शेऱ्यांप्रमाणे सुधारून दुसरीकडे. पदोन्नतीची घाई मला समजते. तरीही थांबा.

एथिक्स कमिटीची मागच्या तारखेची परवानगी म्हणजे खोटा दस्तऐवज, आणि त्यावर सही करणारा तुमच्याइतकाच दोषी. पण तुमची स्थिती तुम्हाला वाटते तितकी वाईट नाही. वहीतल्या नोंदी तुम्ही उपचारासाठी ठेवल्यात, अभ्यासासाठी म्हणून कोणाचं जास्तीचं रक्त घेतलं नाही, कोणाचा उपचार बदलला नाही. असं असेल तर आत्ताच्या तारखेने अर्ज करता येतो: 'आधीच असलेल्या नोंदी, नावं काढून, वापरायच्या आहेत.' भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा अभ्यासात प्रत्येक रुग्णाच्या लेखी संमतीतून कमिटी सूट देऊ शकते. ती सूट कमिटी देते, आपण स्वतःला द्यायची नसते. मसुदा आधीच लिहून झालाय हेही अर्जात सांगा, आणि त्या पाच जणांना फोन करायचे आहेत हे तर आवर्जून, कारण ती नवी माहिती आहे. रुग्ण कसा आहे हे विचारायला कोणाची परवानगी लागत नाही. ती माहिती पेपरात वापरायला लागते. तुमच्या रुग्णालयात कमिटी नसेल तर वैद्यकीय महाविद्यालयाकडे विचारा. पूर्वी याच्यासाठी मुंबई गाठावी लागायची, आता डेरवणला महाविद्यालय आहे, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि अलिबागला शासकीय महाविद्यालयं झालीत. कमिटी रीतसर नोंदणीकृत आहे ना, एवढं बघून घ्या. कमिटीने नकार दिला तर तो पेपर छापायचा नाही, हे मात्र मनाशी पक्कं असू द्या.

आता त्या बाईंचा फोटो. इथे माझ्याच हातून झालेली चूक सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी कुष्ठरोगाची एक केस छापली होती. रुग्ण सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरचा रापणकर. मी लिहिलं होतं: वय, मासेमारीचा धंदा, तालुका. चेहऱ्याचा फोटो दिला आणि डोळ्यांवर काळी पट्टी मारली. तेव्हा सगळे तेवढंच करायचे आणि मलाही ते पुरेसं वाटलं. त्याच्या कानात भिकबाळी होती, ती फोटोत स्पष्ट दिसत होती. मुंबईत शिकणाऱ्या त्याच्या भाच्याने ग्रंथालयात ते पान पाहिलं आणि भिकबाळीवरून मामाला ओळखलं. घरात तेव्हा मुलीचं लग्न ठरत होतं. तो माझ्या दवाखान्यात आला, बाकावर बसला, बराच वेळ काही बोलला नाही. मग एवढंच म्हणाला, "डॉक्टरांनू, माका आधी इचारूक व्हया होता." तो आरडाओरडा करता तर मला सोपं गेलं असतं. लग्न पुढे झालं, पण त्यानंतर तो माझ्याकडे तपासायला आला नाही, आणि त्याच्या गोळ्यांचा उरलेला कोर्स दुसऱ्या केंद्रातून पूर्ण करून घेताना मला बरेच हेलपाटे घालावे लागले.

डोळ्यांवरच्या पट्टीने ओळख लपत नाही, हे आता संपादकांच्या नियमांतच लिहिलेलं आहे. पण आपल्या गावांमध्ये त्याच्याही पलीकडे जावं लागतं. शहरातल्या रुग्णालयात 'पंचेचाळीस वर्षांची शेतमजूर' म्हटलं तर ती हजारांतली एक असते. आपल्याकडे 'भातकापणीच्या वेळी फुरसं चावलेली, आठ दिवस रुग्णालयात असलेली बाई' म्हटलं की अख्खी वाडी नाव सांगते. फोटोत नुसतं तोंड आणि हिरड्या घ्या, नथ, गोंदण, मंगळसूत्र, मागची भिंत काही नको. वय दशकात द्या, गाव आणि महिना गाळा. मात्र वय, लिंग बदलून खोटं लिहू नका, तो वेगळा अपराध आहे. आणि मग त्या बाईंकडे जा. उपचाराच्या संमतीपत्रावरची सही इथे चालत नाही, छापण्याची संमती वेगळी घ्यावी लागते. मराठीतला कागद वाचून दाखवा, फोटो जसा छापला जाणार तसाच मोबाइलवर दाखवा, आणि हे इंटरनेटवर जाईल, जगात कुठेही कोणालाही दिसेल, एकदा गेलं की परत घेता येणार नाही, हे सांगा. 'नको' म्हणाल्या तरी त्यांच्या उपचारात काही फरक पडणार नाही, हेही सांगा आणि घरी विचारायला दोन दिवस द्या. त्या नको म्हणाल्या तर फोटो नाही. त्याच्यावाचून पेपराचं काही अडत नाही.

इंग्रजी सुधारायला चॅटजीपीटी वापरलंत, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. वापरायला हरकत नाही, पण पेपरात तसं सांगा, त्याला लेखक करता येत नाही, आणि रुग्णांची कुठलीही माहिती त्यात घालू नका. संदर्भांपैकी अकरावा आणि चौदावा मला कुठेच सापडले नाहीत. प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून वाचलेला हवा.

मूळ वही नीट जपा, छापून झाल्यावरही. २०२० मध्ये 'लॅन्सेट'ने कोविडसाठी वापरलेल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावरचा एक पेपर २२ मे रोजी छापला आणि ४ जूनला मागे घेतला. ९६ हजार रुग्णांची माहिती असल्याचा त्यात दावा होता, पण ती पुरवणारी कंपनी, जी चार लेखकांपैकी एकाचीच होती, मूळ माहिती तपासायला द्यायला तयार झाली नाही आणि उरलेल्या तीन लेखकांना तिची खात्री देता येईना. तुमच्याकडे ६३ च रुग्ण आहेत, पण वही हातात आहे.

त्या वहीच्या पानाचा जो फोटो मला पाठवलात, त्यावर सात रुग्णांची पूर्ण नावं आणि वाड्या वाचता येत होत्या. मी तो माझ्या फोनमधून आणि मेलमधून काढून टाकलाय. तुम्ही तो आणखी कोणाला पाठवला असेल, सरांनाही, तर आजच त्यांना काढायला सांगा, आणि प्रत्येक रुग्णाला एक क्रमांक देऊन नवा तक्ता करा. नाव आणि क्रमांक जोडणारा कागद वेगळा, कुलपात. पाच जणांपैकी किती सापडले ते मात्र मला जरूर कळवा.